‘फ्लॅट’चा अर्थ शोधताना : इंग्रजी-मराठी कोश की इंग्रजी-इंग्रजी?

भाषांतराला नव्यानं हात घालणारे हमखास विचारतात, एकच कोश घ्यायचा तर इंग्रजी-मराठी घ्यावा की शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी? दोन्ही मी बरीच वर्षं वापरतोय. माझ्या मते कोशाची परीक्षा अवघड शब्दांवर होत नाही, त्यांना बहुधा एकच अर्थ असतो. परीक्षा होते ती ‘फ्लॅट’सारख्या शब्दावर. तो आपल्याला येतो असं वाटतं आणि आपण कोश उघडतच नाही.

या एका शब्दाला मराठीत किती शब्द लागतात पाहा. जमीन सपाट, नाक बसकं. टायर फ्लॅट म्हणजे हवा गेली, बॅटरी फ्लॅट म्हणजे उतरली, सोडा फ्लॅट म्हणजे त्यातला गॅस उडाला. नकार असेल तर साफ, दर असेल तर सरसकट एकच, विक्री असेल तर ना वाढ ना घट. रंग फ्लॅट म्हणजे बिनचकाकीचा. विनोद फ्लॅट पडला म्हणजे कुणी हसलंच नाही. ‘फ्लॅट ब्रोक’ म्हणजे कफल्लक. आणि ‘फ्लॅट आउट’ काम करणारा माणूस आडवा पडलेला नसतो, तो जीव तोडून राबत असतो.

इथं इंग्रजी-मराठी कोशाचं पारडं जड वाटतं, आणि काही बाबतींत ते आहेही. मोल्सवर्थनी सुरू केलेला आणि कँडींनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली आला. तेव्हापासून या कोशांचं मोठं काम म्हणजे मराठी शब्द हाताशी आणून ठेवणं. ‘साफ नकार’मधला ‘साफ’ आपल्याला ठाऊक असतो, पण इंग्रजी वाक्य डोक्यात घोळत असताना तो वेळेवर सुचत नाही. कोशात दिसला की काम झालं. घाईत असाल तर या सोयीला तोड नाही.

तरी माझं मन वळलं ते स्वल्पविरामांमुळे. मी वापरत होतो त्या कोशात ‘फ्लॅट’पुढे शब्दांची रांग होती : सपाट, चपटा, नीरस, बेचव, मंद, स्पष्ट. मध्ये नुसते स्वल्पविराम. कुठला शब्द कुठं वापरायचा याची खूण नाही, उदाहरणाचं वाक्य नाही. एका लेखात समूहगायनाबद्दल वाक्य होतं, ‘द क्वायर वॉज सिंगिंग फ्लॅट’. मी रांगेतून ‘नीरस’ उचलला आणि लिहिलं, ‘गायन नीरस होत होतं’. वाक्य चपखल बसलं. संपादकांना खटकलं नाही, मलाही नाही. छापून आल्यावर एका गाणाऱ्या मित्रानं मूळ लेख वाचला आणि मला सांगितलं, की त्या बिचाऱ्यांचं गाणं रटाळ नव्हतं, त्यांचा सूर उतरत होता. पाश्चात्त्य संगीतात स्वरापुढे ‘फ्लॅट’ लागला की तो अर्ध्या स्वरानं खाली येतो. गाणारा ‘फ्लॅट’ गातो म्हणजे हव्या त्या स्वराच्या कणभर खाली लागतो. मी एका गायकवृंदावर भलताच ठपका ठेवला होता. ‘बॅटरी चपटी झाली’ असं लिहिलं असतं तर कुणीही लगेच पकडलं असतं. वाक्यात सहज मुरणारी चूक मात्र कुणाच्याच नजरेला येत नाही. हा सल अजून जात नाही.

शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश नेमका इथं कामी येतो. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी असा कोश रचला, तो १९४२ साली तिथंच निघाला, आणि पुढे ऑक्सफर्डनं १९४८ मध्ये काढला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठीच तो होता, त्यामुळे अर्थाबरोबर वापरही सांगायचा हा वारसा या जातीच्या कोशांत आला. संगीतातला अर्थ असेल तर तशी खूण असते. ब्रिटिश वापर कुठला, अमेरिकन कुठला तेही लिहिलेलं असतं, आणि ‘फ्लॅट’ला त्याची फार गरज आहे. ‘शी गॉट अ फ्लॅट’ हे ब्रिटिश माणूस म्हणाला तर तिला घर मिळालं, अमेरिकन म्हणाला तर गाडी पंक्चर झाली. ‘टेन सेकंड्स फ्लॅट’मध्ये तो आकड्याच्या मागून येतो आणि अर्थ होतो ‘फक्त दहा सेकंदांत’. शब्द वाक्यात कुठं बसतो हे उदाहरणावाचून कळत नाही.

(जाता जाता : घर या अर्थाचा ‘फ्लॅट’ मुळात वेगळाच शब्द आहे. सपाट या अर्थाचा जुन्या नॉर्स भाषेतून आला, तर घराचा ‘फ्लेट’ या जुन्या स्कॉटिश शब्दावरून. दोघांची रूपं पुढे एक झाली. हे मात्र मोठ्या, व्युत्पत्ती देणाऱ्या कोशातच सापडतं.)

उणीव या कोशातही आहे, आणि ती लहान नाही. तो अर्थ समजावतो, मराठी शब्द देत नाही. ‘फ्लॅट व्हॉइस’ म्हणजे भावना न दाखवणारा आवाज, हे कळलं. पण मराठीत काय लिहायचं? कोरडा? निर्विकार? एकसुरी? शोकवार्ता सांगणाऱ्या पात्राच्या तोंडी मी एकदा ‘कोरड्या आवाजात’ लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी खोडलं, कारण कोरडेपणात तुटकपणा येतो आणि ती बाई तुटक नव्हती, सुन्न होती. शेवटी ‘सुन्न आवाजात’ ठेवलं. असा अर्धा तास जातो खरा. पण तो अर्धा तास मी त्या बाईचा विचार करण्यात घालवला, स्वल्पविरामांतला एखादा शब्द उचलण्यात नाही.

तुमचं काम वेगळं असू शकतं. कार्यालयीन पत्रं, सूचना, अर्ज असं काम असेल तर इंग्रजी-मराठी कोशानं बहुतेक भागेल, आणि चांगल्या कोशात उदाहरणं असतातही. कथा, लेख, मुलाखती करणार असाल तर मी म्हणेन, आधी इंग्रजी-इंग्रजी घ्या, दुसरा सवडीनं. माझ्या टेबलावर आज दोन्ही आहेत, पण पहिला हात कुठं जातो ते आता सांगायला नको. आणि कुठलाही घेण्याआधी ‘फ्लॅट’चं पान उघडून गाण्याचा अर्थ वेगळा दिलाय का ते पाहा. नसेल तर तो परत फळीवर ठेवा.