लॅमिंग्टन रोडचे मोटरवाले काका: मोटर न्या, गाडी नेऊ नका

काकांच्या मोटर दुरुस्तीच्या दुकानाला पाटी नाही. नाव मीही देणार नाही, कारण काकांनीच बजावलंय, "नाव टाकू नकोस रे, लोक मिक्सर घेऊन येतील." ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं, लॅमिंग्टन रोडला लागायचं (पत्त्यावर डॉ. भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघाच), सीसीटीव्ही आणि चार्जरवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत एका जुन्या इमारतीचा लाकडी जिना चढायचा. पहिल्या मजल्यावर दाराशी कॅसेट डेकचे सांगाडे रचून ठेवलेले दिसले की तेच दुकान.

मी दादरला डेंटल लॅब चालवतो. दिवसभर कवळ्या आणि कॅप. त्यामुळे बारीक कामात कोणाचा हात कसा चालतो ते मला चटकन कळतं. आणि रात्री जेवणं उरकली की लालबागच्या खोलीत भिंतीला टेकवलेला प्लायवूड आडवा होतो, त्यावर स्लॉट कारचा ट्रॅक. बायको याला "तुमची लोकल" म्हणते.

माहीत नसलेल्यांसाठी सांगतो, ही रिमोटची गाडी नव्हे. ट्रॅकमध्ये एक खाच असते, खाचेच्या दोन्ही अंगांना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या नाकाखालचं पातं खाचेत बसतं आणि पात्याला लावलेल्या तांब्याच्या दोन वेण्या पट्ट्यांवर घासत वीज उचलतात. हातात ट्रिगर. दाबला की गाडी पळणार, वळणावर सोडला नाही की पलंगाखाली जाणार. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिसने आपल्या स्प्रिंगवर चालणाऱ्या पत्र्याच्या गाड्यांना मोटर बसवली आणि १९५७ साली स्केलेक्स्ट्रिक बाजारात आलं. जर्मनीची करेरा १९६३ची. घरगुती ट्रॅकवर बहुतेक १:३२ मापाच्या गाड्या पळतात, तळहातावर मावतील एवढ्या. मुंबईत हे वेड असलेले थोडेच, सुटे भाग नाक्यावर मिळत नाहीत, आणि बाहेरून मागवले तर मालापेक्षा कुरिअर आणि कस्टम ड्यूटी जड. म्हणून बंद पडलेली मोटर कोणी टाकून देत नाही.

काकांकडे जायच्या आधी मी त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका दुकानात गेलो होतो. तिथल्या पोराने गाडी उघडली, जुनी मोटर काढली, खोक्यातून तशीच दिसणारी दुसरी बसवली आणि दोनशे रुपये घेतले. घरी येऊन ट्रॅकवर ठेवली, गाडी सुसाट सुटली आणि थोड्याच वेळात खोलीभर जळका वास. खेळण्यातली साधी १३० मापाची मोटर दीड ते तीन व्होल्टवर चालायला बनवलेली असते. पत्र्याचं कवच त्याच मापाचं, शाफ्ट तसाच, म्हणून ती गाडीत बसते. पण ट्रॅकवर बारा व्होल्ट. आत तारेचे वेढे वेगळे लागतात, ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे तुकडे, तेही वेगळे लागतात. विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याने मोटर विकू नये, एवढंच माझं म्हणणं.

जुनी मोटर परत बसवून गाडी काकांकडे नेली. त्यांनी ती हातात घेतली, मागचं चाक बोटाने हळू फिरवलं, कानाशी नेलं. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "ही तर माबुची." त्यांची हयात जपानी डेकच्या मोटरी दुरुस्त करण्यात गेली आहे. माबुची या जपानी कंपनीच्या मोटरी टेपरेकॉर्डरमध्येही असायच्या आणि साठच्या दशकात अमेरिकेत स्लॉट कारची लाट आली तेव्हा त्या गाड्यांमध्येही. काकांनी आयुष्यात स्लॉट कार पाहिली नव्हती, मोटर मात्र ओळखीची निघाली.

आता त्यांचं काम. कवचाचे दुमडलेले दोन कान बारीक स्क्रूड्रायव्हरने उचलण्याआधी त्यांनी कवचावर आणि मागच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर लाल नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढली. झाकण उलटं बसलं तर चुंबकांची बाजू बदलते आणि गाडी मागे पळते, म्हणून ही रेघ. आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला आतला फिरता भाग, बाहेर काढलं, भिंगाखाली धरलं, मल्टिमीटरची टोकं कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या गोलाच्या) तीन पट्ट्यांवर जोडीजोडीने टेकवली. दोन जोड्यांचा आकडा सारखा, तिसरीचा बरोबर दुप्पट. "कळलं?" म्हणाले. मी मान हलवली नाही, मग समजावून सांगितलं. तिन्ही कॉइल त्रिकोणात जोडलेल्या असतात. एक तुटली की तिच्या जागी वीज उरलेल्या दोघींतून वळसा घालून जाते, म्हणून तिथे रोध दुप्पट दिसतो. अशी मोटर कधी चालते, कधी बोटाने ढकलल्याशिवाय उठत नाही. माझ्या गाडीचं नेमकं हेच दुखणं होतं आणि मी दोन महिने ट्रॅकच्या जोडांना शिव्या घालत होतो.

तार तुटली होती ती कम्युटेटरच्या कानापाशी, केसाएवढी. वार्निश खरवडून, टोक कानाभोवती घेऊन त्यांनी सोल्डरचा एवढासा ठिपका ठेवला आणि आयर्न लगेच उचललं, कारण जास्त वेळ धरलं तर खालचं प्लॅस्टिक मऊ होऊन पट्टी सरकते. माझ्या लॅबमध्ये हे जमेल अशी दोन माणसं आहेत, त्यातला एक मी नाही. मग पट्ट्यांमधल्या फटीतला काळा कार्बन लाकडी टूथपिकने काढला. मोटर जोडली, आधी तीन व्होल्टवर बराच वेळ गुणगुणत ठेवली, ब्रश बसू दिले, मग हळूहळू बारावर नेली आणि अँमीटरचा काटा मला दाखवला. "रिकामी असताना काटा नाचता कामा नये." नाचला नाही. साडेतीनशे रुपये. माझ्या मते स्वस्त.

इथपर्यंत पाचपैकी पाच. पण मी गाडी सगळीच त्यांच्याकडे दिली होती, आणि काकांना गाडी कळत नाही.

एक तर त्यांनी बॉडीचे सगळे स्क्रू गच्च आवळले. मिक्सरला ते ठीक. स्लॉट कारच्या बॉडीचे स्क्रू आवळून मग अर्धा-पाऊण फेरा सैल सोडायचे असतात, म्हणजे चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) थोडी मोकळी राहते आणि गाडी कडकड न करता वळण घेते. दुसरं, तेल. अॅक्सल ज्यात फिरतो त्या बुशला सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब पुरतो. काकांनी शिलाई मशीनच्या तेलाने अंघोळ घातली. जास्तीचं तेल कम्युटेटरवर गेलं की ब्रशच्या कार्बनमध्ये कालवून त्याची पेस्ट होते, आणि पुन्हा काकांचाच जिना. तिसरं, मोटरच्या शाफ्टवरच्या नऊ दातांच्या छोट्या चाकाचा, म्हणजे पिनियनचा, आणि अॅक्सलच्या सत्तावीस दातांच्या क्राऊन गिअरचा मेळ. त्यांनी दोन्ही एकमेकांत घट्ट रुतवले होते. मी घरी बसच्या तिकिटाचा तुकडा दातांमध्ये धरून मोटर पुन्हा बसवली, तुकडा ओढून काढला, तेवढी फट पुरते. आवाज लगेच उतरला. टायर तर त्यांना सांगायचेच नाहीत. टायर रिमवर फेविक्विकने चिकटवून, गाडीच्याच मोटरवर फिरवत पॉलिश पेपरवर घासून गोल करणं हे ज्याचं त्याने करायचं काम आहे. मी गाडीच्या तळाचं चुंबक काढून चालवतो, त्यामुळे टायर वाकडा असला की मला पहिल्याच वळणावर कळतं. चुंबकवाल्यांची गाडी पट्टीला चिकटून राहते, त्यांना कळायला वेळ लागतो. चुंबकाच्या जागी मी वजनाला शिसं लावतो, पण तो वाद इथे नको.

दुकानाबद्दलच्या बाकी तक्रारी अशा. फोन उचलत नाहीत. "उद्या ये" म्हणजे पुढच्या आठवड्यात. दुपारी एक ते तीन शटर अर्धं खाली, आत काका आडवे. पावती नाही. पैसे ऑनलाइन द्यायचे तर भिंतीवरचा क्यूआर भाच्याचा आहे आणि भाचा फोन करून "आले" म्हणेपर्यंत तुम्ही उभे. पण "हिच्यात आता दम नाही, पैसे घालू नकोस" हेही ते तोंडावर सांगतात. माझी एक जुनी मोटर त्यांनी न उघडताच परत दिली. नुसत्या बोटाने शाफ्ट हलवून बुश झिजल्याचं दाखवलं आणि एक पैसा घेतला नाही. असा दुकानदार असेल तर भाच्याचा फोन सोसतो माणूस.

तिथवर गेलातच तर खाली दोन वस्तू घेऊन टाका. सर्किट बोर्ड पुसायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कारण ट्रॅकच्या स्टीलच्या पट्ट्यांवर काळा मळ बसतो. सुती फडक्यावर घेऊन पुसायचं. स्टील वूल अजिबात नको, त्याचे तंतू मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात. दुसरी, सोल्डर शोषून घेणारी तांब्याची वेणी. अस्सल सुट्या वेण्या संपल्या की हीच कापून पात्याला लावता येते, फक्त तिच्यातलं फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेलं रसायन) आधी त्याच अल्कोहोलने धुवा, नाहीतर चिकट राहते आणि धूळ गोळा करते.

पाचपैकी चार. रविवारी बंद. जाताना गाडी घरी ठेवून नुसती मोटर न्या, आणि पिनियन शाफ्टवरच राहू द्या. काकांकडे तो ओढून काढायचा पुलर आहे. घरी पकडीने ओढायला जाल तर शाफ्ट वाकेल, आणि वाकलेला शाफ्ट ते हातातसुद्धा धरत नाहीत.