गवळाऊ बैलाचा पांढरा रंग आणि फोटोचे चार कागद

आमच्या आर्वी तालुक्यात फोटोचा कागद पारखायचा असेल तर बैलाचा फोटो छापावा. वर्धा जिल्हा हे गवळाऊ जातीचं मूळ क्षेत्र. अंग पांढरं, मान आणि खांद्याकडे राखाडी. पोळ्याला झूल-बाशिंग घातलेल्या जोडीचा फोटो लोक मोठा करून, फ्रेम करून मागतात. नवरीच्या शालूचा लाल रंग थोडा इकडेतिकडे झाला तर कुणी बोलत नाही. पण पांढऱ्या अंगावर हिरवट झाक आली की शेतकरी लगेच म्हणतो, "ताई, बैल हिरवा दिसून रायला वो." त्याचं बरोबरच असतं. राखाडी रंग निळ्या, मजेंटा आणि पिवळ्या शाईच्या तोलावर उभा असतो, तो तोल जरा ढळला की सगळ्यात आधी तिथेच दिसतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद शेकताना लावलेली हळदही फोटोत दिसायला हवी. अख्खा फोटोच पिवळट निघाला तर ती हळद कुठे शोधणार?

माझ्याकडे सहा रंगांचा इंक टँक प्रिंटर आहे. काळी, सायन, मजेंटा, पिवळी आणि त्यासोबत लाइट सायन, लाइट मजेंटा. एप्सनचे एल805 आणि एल8050 याच जातीचे. फिकट दोन शाया असल्यामुळे चेहऱ्यावर आणि पांढऱ्या भागात शाईचे ठिपके डोळ्यांना जाणवत नाहीत. ज्यांच्याकडे चार रंगांची मशीन आहे त्यांनी आपली काळी शाई कोणती ते आधी बघून घ्यावं. कॅननच्या जी सिरीजमधल्या बऱ्याच मशिनींत आणि एचपीच्या स्मार्ट टँकमध्ये काळी शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक कणांची, आणि रंग डायचे, म्हणजे द्रवात विरघळलेले असतात. पिगमेंट ग्लॉसी म्हणजे चकचकीत कागदात मुरत नाही, वरच बसून राहतं. म्हणून सेटिंगमध्ये ग्लॉसी कागद निवडला की अशी मशीन ती काळी शाई बाजूला ठेवते आणि तीन रंगांतून काळा बनवते. ग्लॉसी कागद घालून सेटिंग प्लेन पेपरची ठेवली तर काळे केस बोटाला लागतात. मग गिऱ्हाईक म्हणतं शाई खराब, दुकानदार म्हणतो मशीन खराब. दोन्ही ठीक असतात.

आता कागद. पहिला 180 जीएसएमचा स्वस्त ग्लॉसी, ज्याला व्यापारी कास्ट कोटेड म्हणतात. पुढून चकचकीत, मागून साधा कागद. शिष्यवृत्तीच्या आणि भरतीच्या फॉर्मला लागणाऱ्या साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरच्या फोटोंसाठी हा उत्तम आहे, त्याहून महाग कागद त्या कामाला वापरूच नये. मोठ्या फोटोला मात्र तो दगा देतो. गडद भागात शाई जास्त पडली की पाणी खालच्या कागदात उतरतं, पान लाटांसारखं होतं, त्याची उचललेली कड शाई फवारणाऱ्या हेडला घासते आणि काठावर काळे फराटे येतात. जीएसएमच्या आकड्यावर भुलू नका. जीएसएम म्हणजे फक्त वजन, एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅम. शाई धरून ठेवतो तो वरचा थर, आणि तो 270 च्या कागदावरही हलका असू शकतो.

दुसरा आरसी, म्हणजे रेझिन कोटेड. याच्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे पान लाटा धरत नाही. हातात घेतला तर जुन्या लॅबच्या फोटोसारखाच वाटतो. वरचा थर सूक्ष्म छिद्रांचा असला की शाई पटकन शोषली जाते आणि काळा रंग खोल येतो. लग्नाच्या अल्बमला मी दुसरं काही वापरत नाही. एक पान स्वस्त ग्लॉसीच्या दुपटीहून महाग पडतं, पण वसूल होतं. अशा सच्छिद्र कागदावरची डायची शाई हवेतल्या वायूंनी लवकर फिकी होते, म्हणून तो अल्बममध्ये किंवा काचेमागे राहू द्या. चुलीच्या धुराजवळ उघडा टांगू नका.

बैल मात्र याच कागदावर गुलाबी निघाला. कारण असं की ड्रायव्हरमधली, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममधली, ग्लॉसीची सेटिंग त्या कंपनीच्या स्वतःच्या कागदासाठी बसवलेली असते. दुसऱ्याचा कागद घातला की तीच शाई वेगळी दिसते. कागदाच्या कंपनीने आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल, दिली असेल तर फोटोशॉपमध्ये रंग फोटोशॉपनेच सांभाळावेत असं निवडा आणि ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती पूर्ण बंद करा. दोन्ही चालू राहिलं तर एकाच फोटोवर दोनदा दुरुस्ती होते आणि झाक हमखास येते. प्रोफाइल नसेल तर बैलाच्या खांद्याचा एक छोटा तुकडा घ्या, मजेंटा थोडा थोडा कमी करत एकाच पानावर चार-पाच वेळा छापा आणि वाळू द्या. ओल्या शाईचा रंग वाळल्यावर बदलतो. निवड दुकानाच्या दारात, उजेडात करा. ट्यूबखाली बरोबर वाटलेला राखाडी बाहेर हिरवा निघू शकतो.

तिसरा मॅट, म्हणजे बिनचमकीचा, आणि भिंतीवरच्या फ्रेमसाठी माझं मत यालाच. नमुन्याच्या पानात लोक आधी ग्लॉसी उचलतात, चमक असते ना. पण फोटो काचेमागे गेला की ती चमक काचेचीच दिसते. मॅटवर काळा तितका खोल येत नाही हे खरं. पांढऱ्या-राखाडीतले बारीक फरक मात्र मला त्यावर सगळ्यात शांत दिसतात, बैलाच्या मानेच्या वळ्या मोजता येतात. दुसरं असं की पोळा श्रावणाच्या अमावस्येला, म्हणजे ऐन दमट हवेत. ग्लॉसी फोटो काचेला टेकून बसवला तर ओलाव्याने काचेलाच चिकटतो आणि सोडवताना चेहरा निघून येतो. मॅटला हा धोका कमी. तरी कोणताही कागद असो, वर साधा कोरा कागद ठेवून एक दिवस वाळवा आणि काच व फोटोत माउंटचं, म्हणजे जाड पुठ्ठ्याच्या चौकटीचं, अंतर ठेवा. शाईतलं उरलेलं द्रव्य काचेवर आतून धुकं धरतं, ते नंतर पुसता येत नाही. मॅट छापताना सेटिंगही मॅटचीच हवी, ग्लॉसीची ठेवली तर सावल्या चिखलागत भरून येतात. दोन्ही बाजू सारख्या दिसत असतील तर कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावा, चिकटेल ती छापायची बाजू.

चौथा ग्लॉसी स्टिकर. वह्यांवरच्या नावांना, दुकानाच्या लेबलांना ठीक आहे. फोटोसाठी घेऊ नका.

तेरवीच्या फोटोबद्दल सांगायलाच हवं. ते काम घाईचं असतं आणि वारलेल्या माणसाचा घरी एकच फोटो असतो, तोही व्हॉट्सॲपवरून आलेला. आठ बाय दहा इंचाला 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांनी, 2400 बाय 3000 पिक्सेल लागतात, व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोत त्याच्या कितीतरी कमी उरतात. ही कसर महागड्या कागदाने भरत नाही, उलट आरसीवर ती उठून दिसते. मॅटवर चेहरा मऊ येतो. ज्याच्या फोनमध्ये मूळ फोटो आहे त्याच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवा. घरच्यांना दुःखात हे सुचत नाही, आपणच शांतपणे विचारावं.

आपल्या हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की नोझल, म्हणजे हेडची शाईची बारीक छिद्रं, सुकतात आणि फोटोत फिकट पट्टे येतात. आधी साध्या कागदावर नोझल चेक, म्हणजे रेषांचं चाचणीचं पान, घ्या. रेषा तुटलेल्या असतील तर हेड क्लीनिंग करा, पण एकामागून एक नको. प्रत्येक वेळी शाई वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई टिपणाऱ्या मशिनीतल्या गादीत, जाते. एक-दोनदा करून मशीन काही तास तशीच राहू द्या, पुन्हा तपासा. नोझल चेक पूर्ण असूनही ठरावीक अंतरावर पट्टे दिसत असतील तर हेड अलाइनमेंट करा, म्हणजे हेड सरळ रेषेत बसवा, आणि सेटिंगमधलं हाय स्पीड बंद करा. वेळ जास्त लागेल, पट्टे जातील. मशीन नेहमी तिच्याच बटनाने बंद करा, म्हणजे हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. बोर्डावरून बंद केली किंवा छापता छापता लाइन गेली तर ते उघडंच राहतं. आमच्याकडे लाइन केव्हाही जाते, म्हणून प्रिंटरला छोटा यूपीएस लावला आहे. पावसाळ्यात कागदाचं उघडं पाकीट तसंच ठेवू नका, पिशवीत बंद करून आडवं ठेवा.

या पोळ्यासाठी मी मॅट ए4 जास्त, आरसी थोडा आणि 180 चा नेहमीएवढा मागवते आहे. नवीन कंपनीचा कागद घ्यायचा असेल तर आख्खं पाकीट फोडण्याआधी व्यापाऱ्याकडून दोन सुटी पानं मागून घ्या, ओळखीचे व्यापारी देतात. एकावर बैल छापा, दुसऱ्यावर सावळ्या रंगाच्या माणसाचा उन्हातला फोटो.