माथेरान: दस्तुरी ते बाजारपेठ सांभाळा, बाकी सोपं आहे

पुण्याहून दोन दिवसांसाठी माथेरान उत्तम, पण बहुतेकांची चिडचिड पहिल्या तीन किलोमीटरमध्येच होते. गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते, पुढे गावात मोटारीला बंदी आहे. नेरळनंतरचा घाट अरुंद आणि खडा. चढावर गाडी थांबली तर अर्ध्या क्लचवर धरून ठेवू नका, जळका वास यायला वेळ लागत नाही. हँडब्रेक ओढा आणि समोरच्याला जाऊ द्या. रेल्वेने यायचं तर कर्जतला उतरून लोकल धरा. मधलं भिवपुरी रोड सोडलं की नेरळ.

दस्तुरीवर उतरताच घोडेवाले आणि हमाल भोवती जमतात. ‘मिनी ट्रेन बंद आहे’ असं कुणी सांगितलं तरी आधी चार पावलं चालून अमन लॉज स्टेशनची खिडकी बघा. या ट्रेनची छोटी फेरी, म्हणजे शटल, तिथून थेट बाजारपेठेत सोडते. शनिवार-रविवारी रांग लागते. डबे छोटे, रूळ जेमतेम दोन फुटी, त्यामुळे जागा लवकर संपतात. नेरळपासूनची पूर्ण गाडी, जी १९०७ साली सुरू झाली, पावसाळ्यात बंद असते. दरड आणि रुळांखालची माती वाहून जाणं ही कारणं खरी आहेत. २०१९ च्या पावसात वाहून गेलेला मार्ग २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला.

शटल चुकली तर रुळांच्या कडेने चाला, पाऊण तास पुरतो. चाकांची बॅग मात्र नको. जांभ्याची लाल माती उन्हात पिठासारखी उडते, पावसात चाकांत घट्ट बसते आणि मग बॅग ओढायची नाही, उचलायची वेळ येते. पाठीवरची सॅक घ्या. पांढरे बूट घरीच ठेवा. घोडा किंवा हमाल हवाच असेल तर दर आधी ठरवा आणि तो जाऊन-येऊन आहे की एकेरी, हेही.

पॉइंटांपैकी पॅनोरमा पहाटेसाठी, बाजारपेठेपासून लांब असल्याने अंधारातच निघावं लागतं, टॉर्च हवा. पॉर्क्युपाइन संध्याकाळसाठी, प्रबळगडाच्या बाजूला सूर्य उतरतो. शार्लोट तलावाकडे पिसारनाथाचं देऊळ आहे, दुपारच्या सावलीत तिकडे जावं. पाणी गावाच्या पिण्याचं, पोहायचं नाही.

माकडांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज कळतो. चिक्की हातात नाही, सॅकमध्ये, तीही चेन लावून.