दूध तोडलेल्या पिल्लांसाठी यीस्ट-बॅसिलस पावडर: वापरून काय दिसलं

मोहोळ तालुक्यात आमचं वराहपालन आहे, लार्ज व्हाईट यॉर्कशायरचं. दूध तोडलेल्या पिल्लांच्या खाद्यात आम्ही यीस्ट कल्चर आणि बॅसिलस जिवाणू एकत्र असलेली पावडर घालतो. अशी पावडर बऱ्याच कंपन्यांची मिळते, म्हणून ब्रँडचं नाव न घेता मालाबद्दलच लिहितो.

आधी ती कुठं लागते ते सांगतो. आईपासून तोडलं की पिल्लाचं दूध एकदम बंद होतं आणि पुढ्यात येतो मका-सोयापेंडीचा भरडा. त्या वयात पोटात आम्ल पुरेसं तयार होत नाही. पहिले एक-दोन दिवस पिल्लू नीट खात नाही, आतड्याच्या आतली लव आखूड होते आणि ई. कोलाय जंतूंचं फावतं. मग पातळ हगवण. शेपटीखालचं अंग ओलं, लाल, पाठीचा कणा वर आलेला, पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली. वराहपालन करणाऱ्याला हे चित्र पाठ असतं. इथं मागं पडलेलं पिल्लू विक्रीपर्यंत मागंच राहतं, आणि व्यापारी तर जिवंत वजनावर पैसे मोजतो.

पूर्वी यावर खाद्यातच अँटिबायोटिक टाकायची सवय होती. युरोपने वाढीसाठी अँटिबायोटिक देणं 2006 पासून बंद केलं. आपल्याकडेही 2019 मध्ये जनावरांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली, आणि ती योग्यच आहे. ही पावडर वेगळ्या वाटेनं काम करते. यीस्टच्या पेशीभित्तिकेतलं मॅनन काही ई. कोलाय जंतूंना स्वतःला चिकटवून घेतं, त्यामुळे ते आतड्याला चिकटत नाहीत. बॅसिलस आतड्यात जागा अडवतो आणि पचनाला मदत करणारे एन्झाइम सोडतो.

एकाच वेताची पिल्लं वजन बघून दोन कप्प्यांत वाटली. खाद्य तेच, फक्त एका कप्प्यात वरून पावडर, दुसऱ्यात नाही. पहिल्या आठवड्यात काट्यावर फारसा फरक नव्हता, फरक जमिनीवर दिसला. पावडरीच्या कप्प्यातली लेंडी लवकर घट्ट झाली आणि झाडताना दुर्गंधी कमी होती. पुढे वजनातही ती पिल्लं सरस निघाली. मला त्याहून मोलाचं वाटलं ते हे की ती सगळी एकसारखी वाढली, लहान-मोठी झाली नाहीत.

हिशेब असा. टनभर खाद्याला दोन किलो पावडर म्हणजे किलोभर खाद्यात दोन ग्रॅम. पिल्लू सात किलोवरून वीस किलोवर जाईपर्यंत साधारण वीस-पंचवीस किलो खाद्य खातं, म्हणजे पावडर लागते चाळीस-पन्नास ग्रॅम. किलोला चारशे रुपये भाव धरला तरी पिल्लामागे वीस रुपये. हगवणीच्या एका पिल्लाच्या इंजेक्शनलाच त्याहून जास्त जातात. पण हीच पावडर विक्रीपर्यंत चालू ठेवली, तर पुढच्या सव्वादोनशे-अडीचशे किलो खाद्यात अर्धा किलो जाते आणि खर्च दोनशेच्या घरात पोचतो. मोठ्या डुकराचं आतडं तयार झालेलं असतं. तिथं हे पैसे परत येताना मला दिसले नाहीत, म्हणून आम्ही वीस किलोनंतर बंद करतो.

घेताना पोत्यावरचा मजकूर वाचाच. जिवाणूंची जात, ग्रॅममागे किती सीएफयू (म्हणजे जिवंत जिवाणूंची मोजणी), उत्पादनाची तारीख, हे छापलेलं हवं. मला एकदा मिळालेल्या पोत्यावर नुसतं डुकराचं चित्र आणि ‘भरघोस वाढ’ एवढंच होतं. ते परत केलं. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो आणि दुकानदार पोती पत्र्याखाली रचून ठेवतात. लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू त्या उष्णतेत टिकत नाहीत. बॅसिलसचे बीजाणू टिकतात. आपल्या भागात तेच घ्यावं. चांगल्या मालाचं तोंड उघडलं की आंबवलेल्या पिठासारखा वास येतो. कुबट वास किंवा गाठी असतील तर घेऊ नका.

मिसळणं हे अर्धं काम आहे. दोन ग्रॅम किलोभर खाद्यात थेट टाकले तर एका पिल्लाच्या तोंडी सगळं, दुसऱ्याच्या तोंडी काहीच नाही. पावडर आधी चार-पाच किलो मक्याच्या पिठात घोळायची, मग ते पीठ ताडपत्रीवर पसरलेल्या भरड्यात फावड्यानं दोन-तीनदा उलटंपालटं करायचं. ब्लीचिंग टाकलेल्या पिण्याच्या पाण्यातून देऊ नका.

आणखी एक, फार कळकळीनं. विकणारे म्हणतात ही पावडर दिली की रोग येत नाही. हॉटेलचं खरकटं न उकळता घालणाऱ्याला आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या विषाणूजन्य रोगापासून कुठलीही पावडर वाचवणार नाही. हा रोग 2020 मध्ये आसाम-अरुणाचलमार्गे देशात आला आणि तो आला की गोठा रिकामा होतो. थंडीत पिल्लांखाली कोरडा भुसा, निप्पलला (पिल्लं तोंडानं दाबून पाणी पितात त्या तोटीला) वाहतं पाणी आणि वेळेवर लसी हे आधी. एवढं असेल तर पावडर जरूर घ्या. नसेल तर ते पैसे भुशावर घाला.