छोट्या जातीच्या पिल्लाचा खोकला: केनेल कफ, श्वासनलिकेचा दोष की उलटी शिंक?

किलो-दीड किलोचं पिल्लू खोकायला लागलं की त्या एवढ्याशा जिवातून येणारा आवाज ऐकून घरातल्यांची पाचावर धारण बसते. घशात काहीतरी अडकलं, हाच पहिला संशय. पॉमेरेनियन, यॉर्की, चिहुआहुआ, माल्टीज अशा जातींत बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं, आणि थांबायचं की लगेच डॉक्टरांकडे न्यायचं हे त्या कारणावर ठरतं.

उलटी शिंक आधी बाजूला काढू, कारण तो खोकलाच नाही. पिल्लू जागीच थबकतं, मान पुढे ताणतं आणि घोरल्यासारखा आवाज करत नाकाने हवा आत ओढत राहतं. अर्ध्या-एक मिनिटात प्रकार थांबतो आणि ते लगेच खेळायला पळतं. क्वचित होत असेल तर औषध लागत नाही. वारंवार होत असेल किंवा नाकातून स्राव येत असेल, तर मात्र दाखवा.

खरी गल्लत होते ती उरलेल्या दोघांत. केनेल कफ संसर्गजन्य आहे. बोर्डेटेला हा जिवाणू, पॅराइन्फ्लुएन्झा विषाणू असे अनेक जंतू त्यामागे असतात. कोरडी ढास लागते आणि उबळ संपताना पिल्लू खाकरून थोडा पांढरा फेस टाकतं. हा फेस पाहूनच ‘उलटी झाली’ किंवा ‘काहीतरी अडकलंय’ असं वाटतं. संसर्ग झाल्यावर साधारण २ ते १४ दिवसांत खोकला सुरू होतो. म्हणून जिथे बरीच कुत्री एकत्र राहतात अशा ठिकाणाहून नुकतंच घरी आणलेलं पिल्लू खोकत असेल, तर माझा पहिला संशय यावरच असतो. लस झाली असली तरी हा संशय सोडू नका, कारण लस सगळ्याच जंतूंवर चालत नाही.

श्वासनलिकेचा दोष जन्मजात कमकुवतपणातून येतो. नलिका उघडी ठेवणाऱ्या कूर्चेच्या कड्या मऊ पडतात आणि नलिका चपटी होते. खोकला हंसाच्या ओरडण्यासारखा, कर्कश. पट्टा ओढला गेला, पाहुणे आले, घाईने पाणी प्यायलं की उबळ येते. बहुतेकदा हा त्रास मध्यम वयात दिसू लागतो, पण काही पिल्लांत लवकरही दिसतो. केनेल कफमध्येही असाच कर्कश आवाज येऊ शकतो, त्यामुळे नुसत्या आवाजावरून निदान करू नये. केनेल कफ साधारण १ ते ३ आठवड्यांत ओसरतो. श्वासनलिकेचा खोकला ठरावीक प्रसंगी येतच राहतो. त्यातही साधा एक्स-रे कधीकधी हुलकावणी देतो, कारण नलिका श्वासाबरोबर कमी-जास्त दबते.

म्हणून खोकल्याच्या आवाजापेक्षा दोन उबळींच्या मधलं पिल्लू पाहा. खातंय का? खेळतंय का? शांत झोपलेलं असताना मिनिटभर छाती किती वेळा वर येते ते मोजा. आकडा सतत ४० च्या वर राहत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ताप, ओला खोकला, डोळ्या-नाकातून घट्ट पिवळट स्राव असेल तेव्हाही तसंच, कारण न्यूमोनिया आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक गंभीर विषाणूजन्य आजार) दोन्ही पिल्लांच्या जिवावर बेततात. हिरड्या निळसर किंवा राखाडी झाल्या, पोट आत ओढून श्वास चालू असला, किंवा काही चावता चावता अचानक ठसका लागून थांबेना, तर क्षणही घालवू नका.

खाणं सोडलं हे लक्षण छोट्या जातीत फार महत्त्वाचं. या पिल्लांच्या रक्तातली साखर काही तासांच्या उपासानेही घसरते. मग सुस्ती, थरथर, कधी झटके. मोठ्या जातीच्या पिल्लाला जेवढी वाट पाहता येते, तेवढी इथे पाहता येत नाही.

पिल्लू खाऊनपिऊन मस्तीत असलं, तरी एक-दोन दिवसांत तपासून घ्याच, असं माझं ठाम मत आहे. जंताच्या अळ्या फुप्फुसांतून जातानाही खोकला येतो. शिवाय पॉमेरेनियन, माल्टीज यांच्यात जन्मानंतर मिटायला हवी ती हृदयाजवळची रक्तवाहिनी कधीकधी उघडीच राहते. तिची घरघर स्टेथोस्कोपने ऐकू येते, आणि लहानपणीच ती बंद केली तर कुत्रं नेहमीचं आयुष्य जगू शकतं. एवढ्या एका शक्यतेसाठीही ती फेरी सार्थकी लागते.

जाण्याआधी उबळीचा व्हिडिओ काढा: बाजूने, पूर्ण अंग दिसेल असा, आवाजासकट. दवाखान्यात पिल्लू हमखास खोकत नाही. आधी फोन करून खोकल्याचं सांगा, म्हणजे इतर कुत्र्यांपासून लांब थांबवता येईल.

निदान काहीही होवो, गळ्यातला पट्टा आजच काढून छातीवर बसणारा हार्नेस घाला. घरात धूर आणि सुगंधी फवारे नकोत. आणि माणसांचं खोकल्याचं औषध थेंबभरही देऊ नका. त्यातलं पॅरासिटामॉल किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) एवढ्या छोट्या पिल्लाचा जीव घेऊ शकतं.