आयोवा गॅम्बलिंग टास्क: चाचणी दमदार, पण एकट्या गुणावर भिस्त नको

कपाळामागच्या मेंदूला इजा झालेली काही माणसं बुद्ध्यांकात उत्तम असतात, बोलण्यात चोख असतात, पण पैशांचे आणि नात्यांचे निर्णय सतत अंगलट येतील असेच घेतात. हा दोष नेहमीच्या चाचण्यांत दिसत नव्हता. तो पकडण्यासाठी आयोवा विद्यापीठातल्या बेकारा, दोघे दामासियो आणि अँडरसन यांनी १९९४ मध्ये ही पत्त्यांची चाचणी मांडली. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी ती घ्यावी का? जरूर घ्यावी. फक्त ती नेमकं काय मोजते, हे आधी समजून घ्या.

मांडणी साधी आहे. हातात २००० डॉलर उसने, समोर चार गड्ड्या आणि १०० वेळा पत्ता उचलायचा. किती वेळा उचलायचा आहे हे खेळणाऱ्याला सांगायचं नाही. अ आणि ब गड्डीत दर पत्त्याला १०० डॉलर मिळतात, क आणि ड मध्ये ५०. पण दहा पत्त्यांमागे अ-ब मध्ये १२५० चा दंड बसतो, क-ड मध्ये २५० चा. म्हणजे पहिल्या जोडीत दर दहा पत्त्यांना २५० चा तोटा, दुसरीत तेवढाच फायदा.

खरी गंमत दंडाच्या वेळापत्रकात आहे. अ मध्ये दहापैकी पाच पत्त्यांवर दंड येतो. ब मध्ये पहिले आठ पत्ते निर्धोक जातात, ८०० डॉलर जमतात आणि नवव्यावर एकदम १२५० जातात. तोवर ब हीच चांगली असं मनात पक्कं बसलेलं असतं. निरोगी माणूस हळूहळू क-ड कडे वळतो. डोळ्यांच्या खोबणींच्या वर, मधल्या बाजूला असलेल्या व्हेंट्रोमीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला इजा झालेले रुग्ण मात्र अ-ब कडेच परत जातात. मिळालेलं बक्षीस आणि भोगलेला दंड एकत्र तोलून त्या पर्यायाची किंमत ठरवण्यात या भागाचा मोठा वाटा असतो.

तरीही कमी गुण म्हणजे याच भागात बिघाड, असा निष्कर्ष काढू नका. कोणत्या गड्डीत काय झालं हे लक्षात ठेवायला कपाळामागच्याच मेंदूचा वरचा, बाहेरच्या बाजूचा डॉर्सोलॅटरल भाग लागतो. तिथल्या इजेनेही गुण घसरतात. शिवाय फेलोज आणि फारा या संशोधकांनी २००५ मध्ये पत्त्यांचा क्रम बदलून मोठे दंड सुरुवातीलाच आणले, तेव्हा व्हेंट्रोमीडियल इजा असलेले रुग्णही निरोगी लोकांसारखेच खेळले. अडचण धोका ओळखण्यापेक्षा आधी बसलेली पसंती मोडण्यात असावी, असं त्यातून दिसतं.

गुणमोजणी हा या चाचणीचा सर्वांत कच्चा दुवा. क-ड ची बेरीज वजा अ-ब ची बेरीज, एवढाच हिशेब. चारही गड्ड्यांतून २५-२५ पत्ते घेणाऱ्याला शून्य मिळतं. अ १०, ब ४०, क १०, ड ४० घेणाऱ्यालाही शून्यच! पहिल्याला काहीच उमगलेलं नाही. दुसरा मात्र वारंवार दंड बसणाऱ्या अ आणि क गड्ड्या शिताफीने टाळून, क्वचित दंड बसणाऱ्या ब आणि ड निवडतो आहे. धडधाकट लोकांतही ब ची ओढ पुष्कळदा दिसते. म्हणून प्रत्येक गड्डीचे आकडे वेगळे नोंदवा आणि २०-२० पत्त्यांच्या पाच टप्प्यांत आलेख काढा. पहिले ४० पत्ते चाचपडण्यातच जातात. ४१ पासूनचे टप्पे वेगळे पाहा.

विकतची आवृत्ती अमेरिकेतल्या सायकॉलॉजिकल असेसमेंट रिसोर्सेस या चाचण्या प्रकाशित करणाऱ्या कंपनीची. रुग्णाच्या अहवालासाठी वयानुसार मानकं, म्हणजे त्या वयाच्या लोकांचे तुलनेसाठीचे गुण, लागतात, तिथे तिला पर्याय नाही. पण ती मानकं अमेरिकन आहेत, हे अहवालात लिहा. वर्गातल्या प्रात्यक्षिकाला आणि गटांच्या तुलनेला पेबल हा संगणकावरचा मुक्तस्रोत चाचणीसंच पुरेसा आहे: फुकट मिळतो आणि आतला कोड उघडून पाहता येतो. उघडून पाहाच, कारण वेळापत्रकं सगळीकडे सारखी नसतात. बेकारांच्याच नंतरच्या आवृत्तीत अ-ब चा तोटा दर दहा पत्त्यांना १५० ने वाढत २५० वरून १००० वर जातो. अशा दोन आवृत्त्यांचे आकडे एका तक्त्यात घालणं म्हणजे चक्क चूक.

सूचना मराठीत करताना 'काही गड्ड्या इतरांपेक्षा वाईट आहेत' हे वाक्य गाळू नका. ते गेलं की गुण पडतात. डॉलरचे रुपये केले तर सगळे आकडे एकाच पटीत बदला. गड्ड्यांच्या जागा व्यक्तीगणिक फिरवा, नाहीतर डावीकडून सुरुवात करायची सवयच मोजली जाईल. त्याच माणसाला महिन्याभराने पुन्हा बसवून उपचाराचा परिणाम पाहायचा असेल, तर ही चाचणी निवडू नका. गुपित एकदा कळलं की गुण आपोआप वाढतात. आणि जोडीला रिव्हर्सल लर्निंगची छोटी चाचणी ठेवा: दोनच पर्याय, मध्येच बक्षीस एकाकडून दुसऱ्याकडे. तिथेही माणूस अडला, तर पसंती बदलण्यातली अडचण असण्याची शक्यता जास्त. तिथे सहज वळला, तर स्मरण आणि दंड टाळण्याची सवय तपासायला घ्या.