पोझ शिकायची कुठून: बाहेरची माणसं, स्क्रीनवरचे फोटो की स्वतःचाच व्हिडिओ?

अ‍ॅनिमेशनचा पोर्टफोलिओ तयार करणारी ठाणे-नवी मुंबईतली मुलं भेटली की एक प्रश्न हमखास येतो: चेहरा जमतो, कपडे जमतात, पण पात्र उभं केलं की लाकडी का दिसतं? त्यावर सल्ले तीन तऱ्हेचे मिळतात. कोणी म्हणतं, बाहेर जा आणि माणसं काढ. कोणी टायमर लावून फोटोंवरून काढायला सांगतं. कोणी म्हणतं, मोबाइल उभा कर, स्वतः अ‍ॅक्टिंग कर आणि त्यावरून काढ. तिन्ही सल्ले बरोबर आहेत, फक्त तिन्हींतून पदरात पडतं ते वेगवेगळं. कॉलेज, क्लास, लोकलचा प्रवास यातून दिवसाला अर्धा-पाऊण तासच उरत असेल, तर तो कुठे घालवायचा हे ठरवायला हवं.

माझं मत आधीच सांगून टाकते. पोझ ताठ येत असेल तर बाहेर जा. पोझ मोकळी आहे, पण बघणाऱ्याला काय चाललंय ते कळत नाही, तर व्हिडिओ करा. फोटो या दोघांनंतर.

बाहेरची माणसं

सकाळी ठाणे स्टेशनवर सीएसएमटीकडे जाणाऱ्या फास्टची वाट बघणारा कोणीही नेहमीचा प्रवासी घ्या. पाठीवरची बॅग छातीवर आलेली, भार पुढच्या पायावर, मागची टाच किंचित उचललेली. खांदे रुळांच्या बाजूला आणि मान गाडी येते त्या दिशेला. गाडी अजून दिसतही नाही, पण हा मनाने केव्हाच आत चढलाय. पुस्तकात ज्याला अँटिसिपेशन म्हणतात, म्हणजे हालचाल होण्याआधीची शरीराची तयारी, ती इथे सगळ्या प्लॅटफॉर्मभर उभी असते. मागच्या टाचेपासून पाठीतून डोक्यापर्यंत एकच वळणदार रेघ ओढा. ती लाइन ऑफ अ‍ॅक्शन. मग खांद्यांची तिरकी रेघ आणि कमरेची तिरकी रेघ. या दोन रेघा बहुतेक वेळा एकमेकींच्या उलट दिशेला कललेल्या असतात. नेमकी इथेच गडबड होते: घरी बसून काढताना आपण दोन्ही आडव्या, समांतर काढतो आणि पात्राचा खांब होतो.

गाडी आली की माणूस गेला. त्यामुळे शर्टाची बटणं आणि बुटाच्या लेस काढायला वेळच मिळत नाही, आणि सगळा फायदा त्यातच आहे. उरलेलं आठवून पुरं करावं लागतं. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला स्मरणचित्राचा पेपर देताना आपण बाजाराचं नाहीतर बसस्टॉपचं एकच दृश्य पाठ करून जायचो. इथे पाठ केलेलं कामाला येत नाही, कारण समोरचा माणूस दर वेळी वेगळा उभा असतो.

वजन शिकायचं असेल तर मात्र स्टेशनपेक्षा वाशीचं एपीएमसी मार्केट चांगलं. माथाडी कामगार पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतो तो क्षण नीट बघा. गोणी टेकायच्या आधीच गुडघे वाकतात आणि पावलं फाकतात. भार आला की कंबर मागे जाते, छाती पुढे झुकते, मान खाली जाते पण नजर वर, वाटेवर. चालताना पावलं आखूड पडतात, पाय जमिनीपासून जेमतेम सुटतो. आता तुमच्या जुन्या वहीतलं ‘ओझं उचलणारा माणूस’ काढून बघा. शरीर सरळ, हात वर, आणि गोणीच्या जागी कापसाची उशी असली तरी चित्रात काही फरक पडणार नाही. वजन गोणीत काढता येत नाही, ते पायांत आणि पाठीत काढावं लागतं. एक पथ्य: माल चढ-उतार चालू असताना वाटेत उभं राहू नका. कडेला थांबा, नाहीतर शिव्या खाल, आणि त्या रास्त असतील.

तलावपाळीचा कट्टा, उपवन, सागर विहार या संध्याकाळच्या जागा बसलेल्या माणसांसाठी. रुसलेली जोडपी, नातवाला ओढणारे आजोबा, आईस्क्रीम संपत आलेली मुलं. लांबून काढा, चेहरा ओळखू येईल असं काढायची गरजच नाही, आणि कोणाला अवघडल्यासारखं वाटतंय असं दिसलं की वही मिटा. कोणी विचारलंच तर पान दाखवा. बहुतेक लोक हसतात आणि ‘माझं नाक एवढं मोठं आहे का’ म्हणतात.

खर्च म्हणाल तर बॉलपेन आणि स्वस्तातली वही. खोडरबर घरी ठेवा. टॅबलेट घेऊन प्लॅटफॉर्मवर उभं राहण्यात अर्थ नाही. अडचणी दोन. एक, जून ते सप्टेंबर पाऊस. तेव्हा मॉलचं फूड कोर्ट नाहीतर ट्रान्स-हार्बर लोकलचा डबा. ठाणे ते वाशी अर्ध्या तासात पेंगणाऱ्या माना किती तऱ्हेने लवंडतात ते काढलंत तरी पानं भरतील. दुसरी अडचण मोठी आहे: रस्त्यावर माणसं फार भावना दाखवत नाहीत. तुमच्या गोष्टीतली आई मुलाचं पत्र वाचून कोसळते, ती पोझ तलावपाळीवर मिळणार नाही.

फोटो

तीस सेकंद, एक मिनिट, दोन मिनिटं असे टायमर लावून फोटो दाखवणाऱ्या साइट फुकट आहेत, पावसातही चालतात आणि कोणी टक लावून बघत नाही. शरीररचना, हातांची बोटं, साडीच्या निऱ्या, वरून किंवा खालून दिसणारं शरीर यांसाठी फोटोच बरे. पण पोझसाठी मला ते कमी पडतात. मॉडेल बहुधा टिकवून धरता येईल अशा स्थितीत उभा असतो, म्हणजे तोल सांभाळून. चालणारा माणूस तर दर पावलाला तोल घालवतो आणि पुन्हा सावरतो. शिवाय फोटो सपाट असतो, त्यामुळे हात आपोआप बाह्यरेषा उतरवायला लागतो. रेघ सुरेख येते आणि माणूस आत पोकळ राहतो.

याला अपवाद म्हणजे फोटोंची मालिका. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने 1887 मध्ये माणसं आणि प्राणी चालताना, पळताना, उड्या मारताना टिपलेल्या 781 प्लेट, म्हणजे सलग फोटो ओळीने लावलेली पानं, प्रसिद्ध केल्या, त्या आज सहज बघायला मिळतात. एका चालीचे सलग टप्पे ओळीने काढले तर डोकं खाली-वर कधी होतं आणि भार कोणत्या पायावर कधी जातो ते कळतं. एकट्या फोटोतून हे कळत नाही.

स्वतःचा व्हिडिओ

इथे तुम्ही नट आणि चित्रकार दोन्ही असता. शॉट ठरलेला असेल, म्हणजे पात्र कोण, त्याला काय हवंय आणि काय अडवतंय हे माहीत असेल, तर याला पर्याय नाही.

मोबाइल कमरेच्या उंचीवर, दोन-तीन मीटर लांब ठेवा. फार जवळ ठेवला की पुढे आलेला हात डोक्याएवढा दिसतो. कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये सोय असेल तर सेकंदाला 24 फ्रेमवर शूट करा. मोबाइल सहसा 30 वर असतो आणि अ‍ॅनिमेशन 24 वर. ‘ऑन टूज’ काम करायचं, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरायचं, तर सेकंदाला 12 चित्रं होतात. हिशेब जुळला की मोजायला सोपं जातं.

मग व्हिडिओ फ्रेमफ्रेमने पुढे सरकवा आणि शरीर जिथे दिशा बदलतं त्या फ्रेम निवडा. त्या तुमच्या की पोझ. आता व्हिडिओ बंद करा आणि त्या पोझ बोटभर आकारात, पाच-सहा तऱ्हांनी काढा. बंद करणं महत्त्वाचं आहे. फ्रेम खाली ठेवून वरून गिरवण्याचा मोह जुना आहे. मॅक्स फ्लायशर या अ‍ॅनिमेटरने रोटोस्कोपचं, म्हणजे फिल्मच्या फ्रेम गिरवून अ‍ॅनिमेशन करायच्या यंत्राचं, पेटंट मिळवलं ते 1917 साली, आणि तेव्हापासूनचा अनुभव हाच की नुसतं गिरवलेलं पात्र तरंगल्यासारखं, मिळमिळीत दिसतं. खऱ्या माणसाची हालचाल चित्राला कमी पडते, ती वाढवावी लागते. त्यात आपण घरात, आई बाहेरच्या खोलीत असताना अ‍ॅक्टिंग करतो म्हणजे निम्मीच करतो. व्हिडिओत पाठ जितकी वाकली असेल त्याच्या दीडपट चित्रात वाकवून बघा.

पुढची परीक्षा सिल्हूटची. पोझ आतून पूर्ण काळी भरा आणि बाहेरच्या आकारावरून क्रिया कळते का बघा. कटिंग चहा पिणारं पात्र समोरून काढलं तर ग्लास आणि हात चेहऱ्यावर येतात, आणि काळं भरल्यावर फक्त एक गोळा उरतो. तेच पात्र जरा वळवून पाऊण बाजूने काढा, कोपर शरीरापासून सोडवा, ग्लास चेहऱ्याच्या रेघेबाहेर आणा. हात आणि पोट यांच्यामधली मोकळी जागा दिसली की चहा दिसतो. दोन्ही हात, दोन्ही पाय एकाच कोनात असतील (याला ट्विनिंग म्हणतात) तर एक मोडा. व्हिडिओत स्वतःला बघताना ही खोड लगेच पकडता येते, बाहेर स्केच करताना ती निसटते.

व्हिडिओचा दोष एकच, पण मोठा: सगळी पात्रं तुमच्यासारखी उभी राहायला लागतात. बाविशीतल्या मुलाने केलेली आजी ही आजीचा वेश घेतलेला बाविशीतला मुलगाच राहते. त्यावर औषध पहिल्या पर्यायातच आहे. दुसरं औषध नाटकाचं. ठाण्याचं गडकरी असो, घाणेकर असो की वाशीचं भावे नाट्यगृह, बाल्कनीचं तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसा. तिथून नटाचे डोळे दिसत नाहीत. तरी तो चिडलाय की खचलाय हे कळत असेल तर ते खांदे, पाठ आणि दोन पात्रांमधलं अंतर यांवरून. मध्यंतरात बाहेर येऊन आठवतील त्या पोझ काढा.

मग कुठे सुरुवात?

पोर्टफोलिओला तीन-चार महिने असतील तर पहिला दीड महिना फक्त बाहेर, नंतर आठवड्यातले दोन दिवस व्हिडिओ. पंधरा दिवसच हातात असतील तर उलट करा: एक छोटा प्रसंग निवडा, व्हिडिओ करा, त्याच्या आठ-दहा की पोझ नीट सिल्हूटसकट तयार ठेवा. घाईत केलेली शंभर स्केचेस कच्ची दिसतात, ती बघणाऱ्याला लगेच कळतात. गर्दीत वही काढायची लाज वाटते म्हणून फोटोंकडे वळत असाल, तर आधी ट्रेनच्या खिडकीत बसून झोपलेल्या माणसांपासून सुरू करा. शरीररचनाच कच्ची असेल, कोपर कुठे येतं इथपासून प्रश्न असेल, तर मात्र महिनाभर फोटो चालतील.

पोर्टफोलिओत तिन्हींची पानं वेगवेगळी ठेवा. वहीची मूळ पानं आहेत तशीच स्कॅन करा, घरी बसून रेघा सुधारू नका. फोटोंवरून काढलेलं असेल तर खाली तसं लिहा.